कार्डावर एकच आई

आमच्या ऑफिसात कुठलंही परिपत्रक आधी कँटीनमध्ये पोचायचं आणि मग नोटीस बोर्डावर लागायचं. दवाखान्याच्या कार्डाचंही तसंच झालं. मी अंधेरीला केंद्र सरकारच्या एका ऑफिसात कारकून होते. आम्हा नोकरदारांना सरकारी दवाखान्याचं कार्ड असे. पगारातून दरमहा किरकोळ रक्कम कापली जाई आणि कार्डावर ज्यांची नावं असत त्यांना डॉक्टर, औषधं, वेळ पडली तर मोठ्या इस्पितळातलं ऑपरेशनसुद्धा मिळे. माझ्या कार्डावर तोवर मी आणि माझा नवरा अशी दोनच नावं होती. आता नवी कार्डं होणार होती. ज्यांना आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांची नावं घालायची असतील त्यांनी महिनाअखेरपर्यंत अर्ज द्यावा, नंतर आलेल्या अर्जांचा विचार होणार नाही, असं परिपत्रकात म्हटलं होतं.

बायकांसाठी खाली एक वेगळी ओळ होती. लग्न झालेल्या बाईनं एक तर आपल्या आईवडिलांची नावं घालावीत, नाहीतर सासूसासऱ्यांची. दोन्हींची नाही. आणि एकदा लिहिलं की ते कायमचं. कँटीनमध्ये ती ओळ वाचून आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, सरकारनं आपल्याला विचारलं तरी, घरी तर तेही कोणी करत नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझं उत्तर तिथल्या तिथं ठरलं होतं. मला माझी आई हवी होती.

आई घाटकोपरला माझ्या थोरल्या भावाकडे राहायची. वडील गिरणीत होते, त्यांच्या मागून दादाही गिरणीत लागला. वडील गेल्यावर दादानं लालबागची खोली विकून घाटकोपरला डोंगराच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. तो गिरणीत होता तोवर आईच्या औषधपाण्याची काळजी नव्हती, कारण कामगारांच्या विम्याचा दवाखाना होता आणि त्यात तिचं नाव होतं. मग संप झाला, लांबला, आणि दादा गिरणीच्या बाहेर राहिला तो राहिलाच. नोकरी गेली तसा तो दवाखानाही गेला. दादा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहू लागला. नेमका त्याच सुमारास आईला काचबिंदू निघाला.

डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. डोळ्यांत औषधाचे थेंब रोज दोन वेळा पडले पाहिजेत, एकदाही चुकता कामा नये. आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलं नाही तर त्याची नजर जाईल, आणि या आजारात गेलेली नजर परत येत नाही. म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात तपासणी फुकट होती, पण थेंबांची बाटली बाहेरून आणावी लागे आणि ऑपरेशनची तारीख पुढे पुढे जात होती. घरात ओढाताण असली की आई थेंब वाचवायची. सकाळी घातले की संध्याकाळी नको म्हणायची. मी पैसे देऊ केले तर हात मागे घ्यायची. दिल्या घरच्या लेकीकडून पैसे घेतले तर वर गेल्यावर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू, असं तिचं म्हणणं.

ते थेंब माझी वहिनी घालायची. आई मोरीच्या कट्ट्यावर बसून मान मागं टाकायची, वहिनी तिची हनुवटी डाव्या हातात धरायची, आणि आई मुकाट्यानं डोळा उघडून द्यायची. झालं की वहिनी पदराच्या टोकानं गालावर आलेलं पाणी टिपायची. मी आठवड्यातून एकदा जायची, आणि नेमकी थेंबांच्या वेळेला पोचायची. मला ते बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. माझे केस आईनं विंचरले होते ते शाळेत असताना. त्यानंतर आम्ही दोघींनी एकमेकींना कधी हात लावला होता हे मला आठवून आठवून शोधावं लागे. इकडे ही काल आलेली सून माझ्या आईचा चेहरा हातात धरून उभी, आणि आई शेजारणींना सांगणार, सून कसली, माझी लेकच आहे ती. मी तिथंच बसलेली असायची.

जळणं हा शब्द बायका फार हसून वापरतात. मी मनापासून जळत होते. वहिनीला दोन मुलं होती, ती आईच्या मांडीवर वाढली होती. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. आमच्या कोकणात, निदान आमच्या आईच्या पिढीत, लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही अशी रीत आहे. नातवंड झालं की त्याच्या निमित्तानं पहिला घास घ्यायचा. आई मुलुंडला माझ्याकडे सणासुदीला यायची, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, पाण्याचा पेलासुद्धा हातात घ्यायची नाही. माझ्या सासूबाई पेला पुढे करून मुद्दाम म्हणायच्या, घ्या हो विहीणबाई, पाण्याला काय होतंय. आई नुसती हसायची. ती गेल्यावर तो भरलेला पेला मी मोरीत ओतून टाकायची.

म्हणून मला कार्ड हवं होतं. आईचा डोळा वाचावा हे तर होतंच, पण तेवढंच होतं असं म्हणणं खोटं होईल. कार्डावरच्या माणसानं आपल्याजवळ राहायला हवं आणि सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असायला हवं, अशी त्यात अट होती. इतर बायकांना ती अट जाचक वाटत होती. मला वाटलं, सरकारनं माझ्या मनातलं ओळखून ती घातली आहे. आई माझ्याकडे राहील, दवाखान्याच्या रांगेत मी तिच्या शेजारी बसेन, ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर मी असेन, आणि थेंब मी घालीन.

घरात यावर चर्चा झाली नाही, कारण सासूबाई आणि नवरा धरूनच चालले होते. सासूबाईंना दमा होता. थंडी पडली की त्या रात्र रात्र बसून काढत, त्यामुळे कार्डावर त्यांचंच नाव जाणार हे त्यांच्या लेखी उगवत्या सूर्याइतकं ठरलेलं होतं. मी एका रविवारी जेवणं झाल्यावर सांगितलं की मी माझ्या आईचं नाव घालते आहे. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाला, तुझी नोकरी, तुझं कार्ड, मी कोण बोलणार. मग तो माझ्याशी बोलेनासाच झाला. सासूबाईंनी बोलणं सोडलं नाही, उलट खोकणं वाढवलं. मी स्वयंपाकघरात गेले की खोकला तिथं यायचा, मी बाल्कनीत गेले की बाल्कनीत. खरा खोकला किती आणि माझ्यासाठी काढलेला किती हे मला ओळखता येत नव्हतं, आणि त्याचाही मला राग येत होता. त्या एकदाच स्पष्ट बोलल्या. माझ्या मुलाच्या घरात राहायचं मी आणि कार्डावर विहीणबाई, हा कुठला न्याय गं? मी म्हटलं, हप्ता माझ्या पगारातून जातो. यावर त्या खरंच खोकल्या.

घाटकोपरला मी महिना संपत आला तेव्हा गेले. दादा ड्यूटीवर होता. मी आईला सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशन होईल, थेंब फुकट मिळतील, फक्त तू माझ्याकडे राहायला यायचंस. वहिनी तांदूळ निवडत होती, ती खाली मान घालून ऐकत होती. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या घरचा पाणी मी अजून पिवूक नाय, आणि रवाक येव? आधी तुझी कूस उजवू दे, मगे बघूया."

तिनं ते दुखवायला म्हटलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं तो साधा क्रम होता, आधी हे आणि मग ते. मी मात्र पर्स उचलून उठले. जिन्यात आले तर वहिनी मागून आली. तिच्या हाताला अजून तांदळाचा कोंडा लागलेला होता. मला वाटलं ही आता समजूत घालणार, आणि तिची समजूत ऐकण्यापेक्षा मी जिन्यावरून उडी टाकली असती. पण तिनं समजूत घातली नाही. "वन्सं, तुम्ही अर्ज भरा. आईंना मी पाठवते. त्या संध्याकाळचे थेंब टाकतच नाहीत हल्ली, मी रागावले तरी. असा डोळा राहायचा नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं एवढंच, की माझी आई माझ्याकडे पाठवायची की नाही हे ही ठरवणार.

तिनं आईला कसं वळवलं ते मला आई मुलुंडला आली तेव्हा कळलं. वहिनी स्वतः तिला सोडायला आली होती आणि दोघींच्या मध्ये एक मोठी पिशवी होती. पिशवीत शिधा होता. तांदूळ, तूरडाळ, आमसुलं, लाल मिरच्या, गोडेतेलाची बाटली, आणि कागदाच्या पुडीत मीठ. लेकीच्या घरचं खायचं नाही ना, मग खाऊ नका, मुलाच्या घरचं खा, शिजेल फक्त तिच्या गॅसवर, असा वहिनीनं तोडगा काढला होता. पाण्याचंही तिनं सोडवलं होतं. नळाचं पाणी म्युनिसिपालिटीचं असतं, ते वन्संचं नाही. आईला ते पटलं होतं. सासूबाईंना एवढा आनंद झाला की त्या खोकायच्या विसरल्या. एका घरात दोन चुली आणल्यात की हो, असं त्या विहीणबाईंना म्हणाल्या.

तर माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पातेल्यात, मी माझ्या आईसाठी वहिनीचे तांदूळ शिजवू लागले. वाढताना चमचाभर आमची भाजी तिच्या ताटात पडली असती तर काय आकाश कोसळणार होतं? मी एकदा प्रयत्न केला. आईनं ती भाजी न बोलता ताटाच्या कडेला सारून ठेवली. मिठाच्या पुडीवर तर माझा विशेष राग होता. मीठसुद्धा? मी सासूबाईंसमोर काही बोलले नाही, पण एका दुपारी ती पुडी उचलून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली होती आणि परत आणून ठेवली.

थेंब मात्र मी घालायची. पहिल्या दिवशी मी वहिनीसारखीच हनुवटी धरली, तर आईनं डोळा घट्ट मिटून घेतला. थेंब गालावर पडला. आई म्हणाली, असं नाही, ती आधी खालची पापणी बोटानं ओढते. मी पापणी ओढली. ती म्हणाली, एवढं जोरात नाही. दुसऱ्या दिवशी जमलं. आईची कातडी गालाशी फार मऊ झालेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी माझ्या पदरानं पाणी टिपलं आणि उगाच जरा जास्त वेळ टिपत राहिले. तेवढे दोनचार दिवस मी सुखात होते, ऑफिसातून धावत घरी येत होते. नवरा अबोल, सासूबाई फुगलेल्या, आणि मी गुणगुणत थेंबांची बाटली हलवते आहे, असं ते घर होतं.

आमच्या साहेबांनी अर्ज घेण्याची स्वतःची एक पद्धत ठेवली होती. गावाला राहणाऱ्या आईवडिलांना पुष्कळजण कागदावर मुंबईत आणत असत, म्हणून ते म्हाताऱ्या माणसाला समक्ष बोलावत, समोर बसवत, अर्जातला मजकूर त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवत आणि त्यांच्या तोंडून हो ऐकलं की मगच सही करत. माणूस सज्जन होता. मी शेवटच्या दिवशी आईला घेऊन गेले. बसमध्ये तिला पढवलं. साहेब विचारतील कुठं राहता, तू म्हणायचंस मुलीकडे. बाकी काही बोलायचं नाही. आई हो हो म्हणत होती. तिनं ठेवणीतलं करड्या रंगाचं नऊवारी नेसलं होतं आणि ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणींनी तिला बघून मान डोलावली तेव्हा मला फार मिरवल्यासारखं झालं.

साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा लेकीचा नव्हता, सरकारचा होता, म्हणून आईनं घेतला. मग साहेबांनी अर्ज समोर धरून सावकाश सांगितलं, की तुमच्या मुलीनं लिहिलं आहे, माझी आई माझ्याजवळ राहते आणि ती सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे, तिला दुसरं कुणी सांभाळणारं नाही.

आईनं कपबशी टेबलावर ठेवली. "दुसरं कुणी नाही म्हणजे?"

साहेब म्हणाले, म्हणजे मुलगा वगैरे सांभाळत नाही, असं. मी आईच्या पाठीला हात लावला. तिला कळावं म्हणून जरा दाबलाच. आई सरळ बसली. इतकं सरळ बसलेलं मी तिला वडिलांच्या तेराव्यानंतर पाहिलं नव्हतं. गावाकडची बोली बाजूला ठेवून, लोकांसमोर बोलायची म्हणून तिनं जी भाषा राखून ठेवली होती त्या भाषेत ती बोलली.

"माझा मुलगा मला सांभाळतो. मी मुलाकडेच राहते. हिच्याकडे पाहुणी आले आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, बाई, आता मला यावर सही करता येणार नाही. मी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, डोळा जाईल म्हणाले. साहेब आईकडे वळून म्हणाले, आजी, ऐकलंत ना, डोळ्याचा प्रश्न आहे. आई म्हणाली, ऐकलं. मग साहेबांनी अर्जावर एक आडवी रेघ मारली आणि हळूच विचारलं, आजची शेवटची तारीख आहे, सासूबाई तुमच्याकडेच असतात ना, त्यांचं नाव लिहिता का? त्यांना उद्या आणून दाखवलंत तरी चालेल.

उत्तर आईनं दिलं. लिही, म्हणाली, विहीणबाईंना दम लागतो रात्रीचा. मी या कानांनी ऐकलाय.

मी आईच्या शेजारी बसून, आईच्या देखत, सासूबाईंचं नाव लिहिलं. रागानं पेन इतकं दाबलं होतं की अक्षरं खालच्या कागदावर उमटली होती.

बसस्टॉपवर मी तिच्याशी भांडले. माणसं बघत होती. मी विचारलं, एवढं एक वाक्य तुला बोलता आलं नाही? तिनं विचारलं, "झिलान म्हातारेक टाकल्यान, असा मी सरकारात सांगू?" दादाची नोकरी गेली हे साऱ्या जगाला ठाऊक होतं, कारखान्याच्या गेटवर तो खाकी कपड्यात उभा राहतो हेही. पण झील, म्हणजे तिचा मुलगा, आईला पोसत नाही हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि ते माझ्या हातून लिहिलं जाणार होतं. मी म्हटलं, नुसता कागद असतो तो, कपाटात पडून राहतो. ती म्हणाली, तुझा बाप गिरणीतून घरी आला की पगार पहिला माझ्या हातात ठेवायचा, दादाही तेच करतो, आज कमी असेल तर कमी. असं सगळं सांगत होती, आणि डाव्या बाजूनं येणारी बस तिला दिसली नाही. मीच तिला हात धरून मागं ओढलं. तिनं मुलुंडला यायला नकार दिला. मी तिला तशीच घाटकोपरला सोडून आले.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं की कार्डावर तुमचं नाव आहे, उद्या यायचं आहे. त्या पलंगावर बसल्या होत्या. मग म्हणाल्या, आणि विहीणबाईंचा डोळा? मी म्हटलं, त्यांना विचारा. त्या उठल्या आणि त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला, जो त्यांनी लग्नापासून कधी टाकला नव्हता. मला तो प्यावासा वाटला नाही, पण प्यायले.

त्या कार्डाचं सासूबाईंनी सोनं केलं, हे कबूल करायला हवं. दम्याचा पंप मिळाला, तज्ज्ञ डॉक्टर मिळाले, आणि थंडीच्या रात्री त्या आडव्या होऊन झोपू लागल्या. दर महिन्याला त्यांची औषधं आणायला मी रांगेत उभी राहायची. खिडकीच्या आत फळीवर डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या मांडलेल्या असत, आईच्याच औषधाच्या, तेच नाव, तेच निळं झाकण. कंपाउंडर माझ्या पुढच्या बाईला त्या काढून द्यायचा. तिच्या आईसाठी असतील, असं वाटून मी त्या अनोळखी बाईचाही हेवा करत असे.

उरलेले तांदूळ मी पुढच्याच आठवड्यात घाटकोपरला नेऊन दिले. वहिनीनं ते मुकाट्यानं डब्यात ओतले. तिनं नंतर पुष्कळ धावपळ केली. म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात पहाटे जाऊन नंबर लावला, तारीख मिळवली, पण ती मिळेपर्यंत डाव्या डोळ्यातलं सगळं गेलं होतं. उजवा राहिला. आई त्या एका डोळ्यानं भाजी निवडायची, डावीकडून कुणी हाक मारली की पूर्ण मान वळवायची.

डोळा गेल्यावर मी एका रविवारी गेले होते. दादा घरी होता. जेवताना त्यानं सहज विषय काढला. तो रागात नव्हता, उलट समजूतदारपणे बोलला. म्हणाला, सासूचं नाव घातलंस कार्डावर ते बरोबरच केलंस, तुला त्या घरात राहायचंय. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही. वहिनी वाढताना थांबली आणि तिनं आईकडे बघितलं. मीही बघितलं. मी आईच्या डावीकडे बसले होते, तिनं मान वळवली नाही. भातात आमटी कालवत राहिली. त्या घरात काय सांगितलं गेलं होतं ते मला तेव्हा कळलं. अर्जात काय लिहिलं होतं ते मुलाला कळू नये म्हणून तिनं दोष माझ्या अंगावर टाकला होता, आणि मी तो पेलीन याची तिला खात्री होती.

दादा झोपल्यावर मी आणि आई बाहेर गॅलरीत बसलो. मी तिला विचारलं. इतके दिवस जे विचारायचं होतं तेच विचारलं. दादासाठी डोळा दिलास, माझ्यासाठी दिला असतास?

आईला प्रश्नच नीट कळेना. मग कळला तेव्हा ती हसली, माझ्या हातावर हात ठेवला, आणि अगदी कौतुकानं म्हणाली, "तुझ्यार अशी पाळी खंय इली गो? तू सगळ्यांका पुरून उरलंस."

अशी वेळ माझ्यावर आलीच कुठं, हे तिचं उत्तर होतं. आत दादा घोरत होता. आईनं घोरणं ऐकलं, उठली, भिंत चाचपत आत गेली आणि त्याच्या अंगावर चादर घातली. मी बाहेर बसून होते. माझी सरकारी नोकरी, माझा पगार, माझं कार्ड, सगळं शाबूत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, नोकरी गेलेला माणूस मी असायला हवं होतं.